अंधारातली कोल्हापुरी: गुळातला उजेड आणि न दिसणारी शाई

मागच्या आठवड्याचा भाग लांबला, आणि तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी सांगितलं की बसमध्ये अर्धाच ऐकून झाला, लिहून टाक. तर हा घ्या लिहून. बोललो तसंच ठेवलंय. फक्त माझे ‘अं’ आणि ‘म्हणजे कसंय ना’ काढलेत, आणि मधेच शेजारच्यांच्या मिक्सरचा आवाज आला होता तोही.

सुरुवात माझ्या फजितीपासून. नागपूरचा एक मित्र आहे, कॉलेजातला. त्याचं लग्न ठरलं. “कोल्हापूरचा आहेस ना, मग कोल्हापुरी आण. बाकी काही नको,” म्हणाला. मी गेलो, गावातल्या एका दुकानातून बाराशेची जोडी घेतली. टॅगवर सोनेरी अक्षरात ‘अस्सल’, खाली क्यूआर कोड, सगळं झकास. लग्न झालं. जूनच्या शेवटी पहिला मोठा पाऊस झाला आणि मला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला. चप्पलेचा तळ पावासारखा फुगून उघडला होता आणि आतून पुठ्ठा डोकावत होता. खाली एकच ओळ: “भावा, तुझ्या कोल्हापुरीतून खोका निघाला.”

टॅगवरचा क्यूआर मी तेव्हा पहिल्यांदा स्कॅन केला. इन्स्टाग्रामचं एक पान उघडलं. त्यावर तीन पोस्ट.

बाराशे रुपयांचं दुःख नाही. कोल्हापूरचा माणूस कोल्हापुरी ओळखू शकला नाही, हे जास्त झोंबलं. आणि मी ओळखू शकलो नाही, तर दिल्लीत किंवा दुबईत बसून ऑनलाइन घेणारा कसा ओळखणार? कोल्हापुरी चपलेला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालं. ते आठ जिल्ह्यांचं आहे: आपल्याकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. मानांकन म्हणजे कायद्याचा कागद. नक्कल करणाऱ्यावर दावा लावता येतो. पण दुकानात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाच्या हातात तो कागद नसतो, टॅग असतो. जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाच्या मॉडेल्सच्या पायात आपल्यासारख्याच चपला दिसल्या, केवढा गदारोळ झाला, आठवतंय ना? त्याच वर्षी लिडकॉमने, म्हणजे आपल्या राज्याच्या चर्मोद्योग महामंडळाने, चपलांसाठी क्यूआर कोड आणले. स्कॅन केलं की कारागीर कोण, कुठला, माल काय वापरला ते दिसावं, हा हेतू. चांगलंच आहे. पण क्यूआर म्हणजे शेवटी काळे-पांढरे चौकोन. एका खऱ्या कोडचा फोटो काढा, दहा हजार स्टिकर छापा. प्रत्येक स्टिकर स्कॅन केल्यावर अगदी खरंच पान उघडणार! एकच कोड दहा शहरांत स्कॅन झाला तर संगणकाला संशय घेता येईल, पण तोवर चप्पल विकली गेलेली असते.

म्हणजे फोटोत येणार नाही अशी काहीतरी खूण पाहिजे. झेरॉक्सच्या बापाला जमणार नाही अशी.

इथून मी शाईकडे वळलो.

तुमच्या खिशात अशी शाई आत्ता आहे. पाचशेची नोट काढा. बँकेतल्या कॅशियरकडे निळसर दिव्याची डबी असते, तसला छोटा यूव्ही टॉर्च ऑनलाइन दोन-तीनशेला मिळतो. खोलीत अंधार करा आणि नोटेवर मारा. नंबरचे आकडे उजळतात आणि कागदात लांब तंतू विखुरलेले दिसतात, लाल, निळे, हिरवे. दिवसा ते दिसत नाहीत. (टॉर्च डोळ्यात मारून घेऊ नका, लहान भावंडांच्या हातात देऊ नका. हे गमतीत सांगत नाहीये. अतिनील प्रकाश डोळ्यांना इजा करतो आणि तो दिसत नसल्यामुळे आपण डोळे मिटतही नाही. मोबाइलच्या फ्लॅशने हे जमणार नाही, त्यात अतिनील जवळजवळ नसतंच.)

ही चमक म्हणजे फ्लुओरेसन्स, पुस्तकी मराठीत प्रतिदीप्ती. मी स्वतःला असं समजावतो: अतिनील किरण म्हणजे मोठी नोट. पदार्थातल्या इलेक्ट्रॉनने ती घेतली, थोडे पैसे आतल्या आत उष्णतेवर उडवले आणि उरलेले सुटे परत दिले. सुटे म्हणजे कमी ऊर्जेचा प्रकाश, म्हणजे आपल्याला दिसणारा निळा, हिरवा, लाल. दिली मोठी न दिसणारी नोट, परत आले दिसणारे सुटे. जॉर्ज स्टोक्सने 1852 मध्ये याला नाव दिलं, आणि तो ज्या पदार्थांशी खेळत होता त्यांतला एक होता क्विनाइन, सिंकोनाच्या सालीतून निघणारं हिवतापाचं औषध. म्हणजे झाडाचा आणि या चमकेचा संबंध पहिल्यापासूनचा आहे.

घरचा प्रयोग सांगतो. चिमूटभर हळद हाताच्या सॅनिटायझरमध्ये ढवळा आणि अंधारात टॉर्च मारा. पिवळट-हिरवी अशी झगझगते की बघत राहाल. हळदीतलं कर्क्युमिन चमकतं. मला वाटलं, सुटला प्रश्न! सांगलीच्या हळदीलाही भौगोलिक मानांकन आहे, तिचीच शाई करू, कोल्हापुरीवर लावू, दोन्ही शेजारी खुश. हळदीच्या पाण्याने कागदावर माझं नाव लिहिलं, खिडकीत ठेवलं. चार-पाच दिवस ऊन खाऊन नाव फिकं पडलं आणि चमकही बसली. हळदीचा डाग लागलेला शर्ट उन्हात टाकला की डाग उडतो, हे आपल्या आयांना कायमच माहीत होतं. कर्क्युमिनचा रेणू उजेडात मोडतो. चमकणारं खूप सापडतं हो, टिकणारं सापडत नाही.

टिकाऊपणासाठी शास्त्रज्ञ ज्याच्याकडे वळले त्याचं नाव कार्बन डॉट. दहा नॅनोमीटरपेक्षाही लहान कार्बनचा ठिपका. आपला एक केस साधारण ऐंशी हजार ते लाख नॅनोमीटर जाड असतो, म्हणजे केसाच्या जाडीत असे आठ-दहा हजार ठिपके शेजारी-शेजारी बसतील. ते सापडले अपघाताने. 2004 मध्ये साउथ कॅरोलिना विद्यापीठात कार्बनच्या नळ्या स्वच्छ करण्याचं काम चाललं होतं. काजळीतून नको असलेला माल वेगळा काढला, तर तो नको असलेला मालच यूव्हीखाली रंगीत चमकला. 2023 चं रसायनशास्त्राचं नोबेल क्वांटम डॉट्सना मिळालं, ते वेगळे. त्यांच्यात बहुतेकदा कॅडमियमसारखे विषारी धातू असतात. कार्बन डॉट हे त्यांचं स्वस्तातलं, गरीब घरचं चुलत भावंड म्हणा. कार्बन कशातूनही मिळतो. 2012 मध्ये ओडिशातल्या संशोधकांनी संत्र्याच्या रसातून असे डॉट बनवले, 2014 मध्ये सुरतेत उसाच्या रसातून.

आणि आता जे वाचून मी खुर्चीत सरळ बसलो ते. 2012 मध्येच आयआयटी गुवाहाटीच्या गटाने पाव, बिस्किट, कॉर्नफ्लेक्स, जळकी साखर आणि गूळ या पाचांत कार्बनचे नॅनोकण शोधले. कोणी मुद्दाम घातलेले नाहीत, भाजताना-आटवताना आपोआप झालेले. आकार 4 ते 30 नॅनोमीटर, आणि यूव्हीखाली चमकणारे.

गूळ!

माझे मामा करवीर तालुक्यातले. त्यांचं गुऱ्हाळ होतं, आता बंद आहे. लहानपणी दिवाळीनंतर आम्ही तिथेच पडलेले असायचो. काहिलीत रस उकळायचा, चुलवाणात जाळव्या चिपाडं ढकलायचा, वर आलेली मळी झाऱ्याने काढायची, आणि एका क्षणी गुळव्या थेंब पाण्यात टाकून बोटांनी बघायचा आणि “उतरा” म्हणायचा. पिवळट रस सोनेरी व्हायचा, मग तांबूस. ते तांबूस होणं म्हणजे साखरेच्या रेणूंतून पाणी निघून जाणं, रेणू एकमेकांना चिकटणं आणि हळूहळू कोळशाच्या दिशेने जाणं. प्रयोगशाळेत डॉट बनवताना हेच करतात, फक्त झाकण लावून आणि जास्त पुढे नेऊन. मामांना फोन केला, सांगितलं. ते म्हणाले, “आरं, गूळ काय बल्ब हाय व्हय?”

मामांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. मी गुळाचं पाणी केलं, अंधारात टॉर्च मारला, आणि मला टॉर्चच्या जांभळ्या उजेडाशिवाय काही धड दिसलं नाही. गुवाहाटीच्या मोजणीत गुळातल्या कणांची कार्यक्षमता 0.55 टक्के आली होती. म्हणजे हजार किरण आत गेले तर पाच-सहा बाहेर. पावाची 1.2 टक्के, गुळापेक्षा दुप्पट! (मिसळीचा पाव जिंकला, काय बोलणार.) संत्र्याच्या रसातल्या डॉट्सची मात्र 26 टक्के होती. म्हणजे कच्चा माल झाडाचाच, पण तो कसा शिजवता यावर सगळं आहे.

तर शिजवणं. उसाची चिपाडं, रस, पानं, सालं, जे असेल ते पाण्यात घालून टेफ्लॉनच्या भांड्यात बंद करतात. ते भांडं स्टीलच्या जाड डब्यात घट्ट फिरवून बसवतात आणि भट्टीत 180 ते 200 अंशांवर काही तास ठेवतात. पाणी तिथे वाफ होऊन पळू शकत नाही, दाब वाढत जातो. 200 अंशांना तो बाहेरच्या हवेच्या पंधरापट होतो. आपल्या कुकरमध्ये जेमतेम 120 अंश आणि दुप्पट दाब असतो, म्हणून “कुकरमध्ये करून बघू का” असं विचारणाऱ्या सगळ्यांना: नाही. कुकरची शिट्टी बांधून तर मुळीच नाही. थंड झाल्यावर तपकिरी पाणी निघतं, अगदी कोऱ्या चहासारखं. ते गाळायचं, फिरवून जाड कण खाली बसवायचे, आणि मग बारीक छिद्रांच्या पिशवीत भरून ती पिशवी पाण्यात दिवस-दोन दिवस लटकवायची, म्हणजे लहान रेणू बाहेर जातात आणि डॉट आत राहतात.

हा शेवटचा टप्पा कंटाळवाणा आहे, पण सगळी खोट तिथेच असते. पिशवी नीट लटकवली नाही, तर जे चमकतं ते डॉट आहेत की सोबत राहिलेले साधे चमकणारे रेणू, हे कळत नाही. पानांपासून ‘लाल डॉट’ बनवल्याचे दावे वाचताना तर मी आधी बघतो की हरितद्रव्य पूर्ण काढलं होतं का. कारण हरितद्रव्य स्वतःच लाल चमकतं. पालक स्पिरिटमध्ये कुस्करून टॉर्च मारा, दिसेल. आणि हरितद्रव्यही हळदीसारखंच, उन्हात टिकत नाही. एवढं करून पुन्हा खिडकीतल्या कागदाची गोष्ट.

हे काम आपल्या गावात होतं, हे मला उशिरा कळलं. शिवाजी विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात प्रा. गोविंद कोळेकर यांच्या गटाने वापरलेल्या चहाच्या चोथ्यापासून नायट्रोजनयुक्त कार्बन डॉट बनवले, ते 2019 मध्ये प्रसिद्ध झालं. ते शाईसाठी नव्हतं. टेट्रासायक्लिन नावाचं अँटिबायोटिक लघवीच्या नमुन्यात आणि गोळ्यांत किती आहे ते मोजायला त्यांनी ते वापरले. पण ज्या कोल्हापुरात कोपऱ्या-कोपऱ्यावर चहाची गाडी आहे, तिथे चोथ्याचा तुटवडा पडणार नाही एवढं नक्की. चोथ्याचा एक फायदाही आहे: चहाच्या पानात कॅफिन आणि प्रथिनं असतात, त्यांतला नायट्रोजन डॉटच्या अंगावर बसतो, आणि नायट्रोजन बसला की चमक सहसा वाढते. नुसत्या साखरेत तो नसतो. गूळ मागे का पडला, त्याचं थोडं उत्तर इथेही असावं.

डॉट पाण्यात सहज विरघळतात, म्हणून शाई करणं सोपं वाटतं. पेनात भरा, प्रिंटरच्या रिकाम्या कार्ट्रिजमध्ये भरा, दोन्ही प्रयोग जगभर झालेत. पण खरी मजा, म्हणजे खरी डोकेदुखी, त्यापुढे आहे.

पहिली डोकेदुखी कागद. टॉर्च हातात असेल तर साधा झेरॉक्सचा कागद बघा. सगळा कागदच निळा उजळतो! कागद जास्त पांढरा दिसावा म्हणून कारखान्यात त्यात चमक घालतात. कपड्यांच्या पावडरीतही तीच असते, म्हणून डीजेच्या दिव्याखाली पांढरे शर्ट पेटल्यासारखे दिसतात. झाडांपासूनचे बहुतेक डॉट कुठल्या रंगाचे? निळे. निळ्यावर निळं लिहिल्यावर काय दिसणार, कपाळ? नोटेचा कागद यूव्हीखाली मुद्दाम काळोखा ठेवलेला असतो, तेव्हा कुठे आकडे उठून दिसतात. म्हणजे टॅगसाठी शाईपेक्षा आधी कागद शोधायला लागेल, चमक न घातलेला, हातकागदासारखा.

दुसरी डोकेदुखी, शाई वाळली की डॉट एकमेकांना बिलगतात आणि एकमेकांचा उजेड खातात. बाटलीत लखलखणारं पाणी कागदावर वाळल्यावर मंद होतं. म्हणून त्यांना डिंकात, पीव्हीएमध्ये किंवा स्टार्चमध्ये अडकवून अंतरावर ठेवायचं. आणि तिसरी खास आपली: चामडं. कोल्हापुरीचं चामडं पारंपरिक पद्धतीत बाभळीची साल आणि हिरडा यांच्यात कमावतात. त्यातलं टॅनिन, तो गडद तपकिरी रंग, अतिनील किरण गिळून टाकतो. तिथे वरून शाई मारली तर अंधारात अंधार. म्हणजे शाई चामड्यावर लावून उपयोग नाही, ती टॅगवर किंवा शिवणीच्या दोऱ्यावरच जाणार.

समजा हे सगळं जमलं. आता तो प्रश्न, ज्यामुळे हा भाग मी दोनदा रेकॉर्ड केला.

चहाच्या चोथ्यातून शाई होते हे मी तुम्हाला आत्ता सांगितलं. बनवण्याची रीत छापील आहे, कोणीही वाचू शकतं. मग नक्कल करणाराही वाचेल की! झाडापासून, स्वस्तात, विषाशिवाय, ही या शाईची थोरवी, आणि हाच तिचा दुबळेपणा. त्याला फक्त निळं चमकणारं काहीतरी पाहिजे. तो तर कपड्यांची पावडरच वापरेल. गिऱ्हाईक टॉर्च मारणार, निळं दिसणार, खुश होणार. “नैसर्गिक अदृश्य शाई, आता नकली मालाला आळा” असल्या बातम्या आपण वाचतो, त्यांत ही ओळ कधी नसते. चमक दिसणं म्हणजे पुरावा नाही.

मग शाईची कृती गुप्त ठेवू? देशाने ते करून बघितलंय. मुद्रांक म्हणजे सरकारी कागद, सरकारी छापखाना, सरकारी शाई. आणि खानापूरच्या अब्दुल करीम तेलगीने काय केलं? नाशिकच्या छापखान्यातून भंगारात निघालेली यंत्रंच मिळवली आणि मुद्रांक छापले. त्याने कुलूप फोडलं नाही, किल्ली विकत घेतली. 2001 मध्ये पकडला गेला, पुढे तीस वर्षांची शिक्षा झाली. त्यानंतर देश हळूहळू ई-मुद्रांकाकडे गेला, म्हणजे विश्वास कागदावरून नोंदीवर सरकला.

वाट एकच नाही. नोटांच्या शाईवाले कुलपावर कुलूप लावतात. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेने अशी शाई बनवली जी 254 नॅनोमीटरच्या दिव्याखाली लाल आणि 365 च्या दिव्याखाली हिरवी दिसते. एक किलो बनवून ती देवासच्या नोट छापखान्याला दिली. ती झाडापासूनची नाही, पण कल्पना उचलण्यासारखी आहे: एकाच खुणेला दोन प्रश्न विचारायचे. कार्बन डॉटकडे दुसऱ्या प्रश्नाचं स्वतःचं एक उत्तर आहे. त्यांना पीव्हीएमध्ये घट्ट अडकवलं तर टॉर्च बंद केल्यावरही क्षणभर, कधी काही सेकंद, ते हिरवट तेवत राहतात. याला स्फुरदीप्ती म्हणतात. कपड्यांच्या पावडरीची चमक टॉर्चसोबतच मरते. मोबाइलचा व्हिडिओ चालू ठेवायचा, टॉर्च बंद करायचा आणि पुढची काही चित्रं बघायची. एवढं तर कोणालाही जमेल. एक अडचण अशी की ओलाव्याने हे तेवणं विझतं, आणि आपला पाऊस तुम्हाला माहीत आहे. वरून प्लॅस्टिकचा थर द्यावा लागेल.

पण मला सगळ्यात पटलेली युक्ती वेगळीच आहे. तिच्यात शाईची कृती चौकात लावली तरी चालते.

रांगोळीची चिमूट कागदावर टाका. कण कुठे पडले, ते तुम्हाला स्वतःला पुन्हा तसेच टाकता येतील का? नाही. आता स्टार्चच्या बारीक कणांवर डॉट बसवा, ते डिंकात कालवा आणि टॅगवर एक ठिपका द्या. यूव्हीखाली त्या ठिपक्यात शेकडो चमकते कण दिसतील, प्रत्येक टॅगवर वेगळ्या जागी. अंगठ्याच्या ठशासारखं. कारागिराकडून माल निघताना त्या ठिपक्याचा फोटो काढायचा आणि क्यूआरच्या नंबरासोबत जपून ठेवायचा. गिऱ्हाइकाने फोटो काढला की दोन्ही जुळवायचे. क्यूआरचा फोटो छापता येतो, पण छापील ठिपका टॉर्चखाली उजळत नाही. चमकत्या शाईने चित्र छापलं तरी एकेक कण त्याच जागी बसवणं म्हणजे एका बनावट टॅगसाठी महिनाभराची मेहनत. त्यापेक्षा तो खरी चप्पल शिवायला शिकेल! जगात या पद्धतीवर बरंच काम चाललंय. आणि इथे झाडाचा एक दोष गुण होतो. यंदाचा ऊस, पुढचा ऊस, या गाडीचा चोथा, त्या गाडीचा चोथा, डॉटचा रंग थोडा-थोडा बदलणारच. छापखान्याच्या शाईला ते परवडत नाही, तिथे प्रत्येक किलो सारखाच लागतो. ठशाला काही फरक पडत नाही, दिसलं म्हणजे झालं.

हे सगळं घेऊन मी एका कारागिराकडे गेलो. वय सत्तरीच्या आसपास, तीन पिढ्या हेच काम. मी त्यांना काका म्हणतो. टॉर्च, मोबाइल, रांगोळी, सगळं सांगून झालं. काकांनी ऐकून घेतलं, हातातलं काम न थांबवता. मग म्हणाले, “टॅग दोऱ्यानं बांधणार न्हवं? मग कापला, दुसरीला बांधला. झालं की.”

मी गप्प. दोनदा रेकॉर्ड केलेला भाग, आणि हे मला सुचलंच नव्हतं.

मग तेच म्हणाले, “खूण आत पायजे. वादीत.” कोल्हापुरीत खिळा नसतो, चामड्याच्या बारीक पट्टीने, वादीने, तळ शिवतात. तळाचे थर लावताना आत कापडाचा एक तुकडा घालायचा, त्याच्यावर ठिपका, आणि टाचेच्या कडेला बोटभर उघडी जागा. काढायचा म्हटलं तर शिवण उसवायला पाहिजे. सुती कापड डॉट चांगले धरून ठेवतं, तेव्हा हे होण्यासारखं आहे. घाम, पाऊस, पॉलिश यांत तो ठिपका किती महिने टिकेल, ते एक जोडी पायात घालूनच बघावं लागेल. काकांनी विचारलं, जोडीमागे खर्च किती, आणि तो कोण देणार, मी का दुकानदार? त्यांचा दुसरा प्रश्न तर आणखी अवघड होता: फोटोंची वही कोणाकडे राहणार? ज्याच्याकडे वही, तोच उद्या ठरवणार की खरा कोल्हापुरीवाला कोण. मी सरकार म्हणालो. ते हसले.

निघायच्या आधी उत्सुकता म्हणून मी नागपूरची ती फुगलेली जोडी पिशवीतून काढली. मित्राने कुरिअरने परत पाठवली होती, टोमण्यासकट. दुकानाचा दिवा घालवला आणि आधी त्या जोडीवर टॉर्च मारला. तळाच्या कडेने कसलातरी गोंद लावलेला होता, तो निळा-पांढरा झगमगला. आतला पुठ्ठाही उजळला. मग काकांनी त्या दिवशी शिवलेल्या जोडीवर मारला. ती काळीच राहिली. एक ठिपका तेवढा चमकला, वादीच्या टोकाशी. काका वाकून बघायला लागले, तसा तो जागचा हलला. माझ्याच पांढऱ्या शर्टाचा धागा होता.